बॅटरी गेली म्हणण्याआधी

लाइट गेली, इन्व्हर्टरनं पटकन भार उचलला, पंखा फिरत राहिला आणि वीसेक मिनिटांत बीप-बीप करून सगळं गुडूप. महिन्यापूर्वी हेच चार तास चालत होतं. अशा वेळी घरातल्या प्रत्येकाचं निदान तयार असतं: बॅटरी गेली. मीही एकदा तेच निदान केलं आणि नवी बॅटरी आणून जोडली. पंधरा दिवस झकास चालली. सोळाव्या दिवशी पुन्हा वीस मिनिटं! शेवटी दोष निघाला निगेटिव्हच्या जाड तारेत. तार लगमध्ये (तारेच्या टोकाला असलेल्या धातूच्या कडीत) दाबून बसवतात तिथे ती आतून काळी पडली होती. बॅटरी बदलताना तार हलली, तिचे दोन-चार पदर पुन्हा लगला टेकले आणि मला वाटलं, नव्या बॅटरीनं काम केलं.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. बॅटरी निवांत बसलेली असताना बॅकअपचा दोष सहसा सापडत नाही. तिच्यावर भार टाकायचा आणि ती राबत असताना मोजायचं.

आधी प्रश्न, मग पाना

घरातला बॅकअप म्हणजे मुळात एक रांग आहे. भिंतीतली वीज चार्जरकडे जाते, चार्जर बॅटरी भरतो, बॅटरीची डीसी वीज इन्व्हर्टर एसी करून देतो आणि ती दिव्या-पंख्यांपर्यंत पोहोचते. मध्ये एक रिले असतो. लाइट असताना तो भिंतीतली वीज सरळ पुढे सोडतो आणि लाइट गेली की टक् करून बॅटरीकडे वळतो. कॉम्प्युटरशेजारी ठेवलेला छोटा यूपीएस असो की कोपऱ्यातला मोठा इन्व्हर्टर, साखळी हीच.

म्हणून पहिला प्रश्न असा: बिघाड लाइट असताना दिसतो की गेल्यावर? लाइट असूनही बॅकअपच्या लाइनवरचे दिवे बंद असतील, तर बॅटरीला दोष देऊ नका, कारण त्या वेळी बहुतेक घरगुती यंत्रांत वीज बॅटरीतून येतच नसते. उडालेला फ्यूज, खाली पडलेला एमसीबी, कुणाच्या तरी हातून अर्धवट फिरलेला बायपास स्विच (यंत्र वगळून भिंतीतली वीज सरळ दिव्यांना देणारा) किंवा जास्त भारामुळे बाहेर आलेलं यंत्राच्या मागचं छोटं बटण, यांपैकी काहीतरी असतं. बायपास स्विचचं मी हसण्यावारी नेत नाही. झाडलोट करताना तो फिरतो आणि मग सगळं घर तासभर डोकं खाजवत बसतं.

लाइट गेल्याबरोबर सगळं बंद पडत असेल तर संशय तीन ठिकाणी: सुटलेली जोडणी, बॅटरीतला मेलेला सेल (तिच्या कप्प्यांपैकी एक) किंवा झेपणार नाही एवढा भार. चालू होतं पण पूर्वीइतकं टिकत नाही, असं असेल तर बॅटरीची क्षमता घटली असेल, ती पुरती भरत नसेल, नाहीतर न कळत भार वाढला असेल. आणि लाइट असूनही यंत्र सारखं टकटक करत बॅटरीवर जात असेल, तर बघायचं ते भिंतीतल्या व्होल्टेजकडे.

निवांत बॅटरी खोटं बोलते

घरगुती बॅकअपमध्ये अजूनही सर्रास शिसं-आम्लाची बॅटरी असते. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८५९ मध्ये ती बनवली आणि आतलं रसायन आजही तेच आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल एकापुढे एक जोडलेले असतात, भरलेला प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा. त्यामुळे पूर्ण भरून काही तास निवांत राहिलेली बॅटरी मल्टिमीटरवर १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ च्या आसपास ती अर्धी असते आणि ११.९ च्या खाली जवळपास रिकामी.

चार्जिंग बंद केल्या केल्या मोजलं तर १३ च्या वरचा आकडा दिसेल. तो वरवरचा असतो, थोड्या वेळात उतरतो. त्यावर खूश होऊ नका.

पण १२.६ दिसले म्हणजे बॅटरी ठणठणीत, असंही नाही. हा आकडा एवढंच सांगतो की आत जे काही शिल्लक आहे ते भरलेलं आहे. किती शिल्लक आहे, हे त्यातून कळत नाही. हंड्यात निम्मे दगड भरले तरी पाणी काठापर्यंत दिसणारच. इन्व्हर्टरच्या तोंडावरचा 'बॅटरी फुल'चा हिरवा दिवाही बहुतेक वेळा असाच काठ बघून लागतो.

म्हणून बॅटरी भरू द्या, मेन स्विच बंद करा आणि नेहमीचा भार चालवा: दोन पंखे, चार दिवे, जे रोज चालतं ते. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा आणि टोकं बॅटरीच्या शिशाच्या खुंटांवरच (म्हणजे टर्मिनलवर) टेकवा, लगवर किंवा नट-बोल्टवर नको. चांगल्या बॅटरीचा आकडा भार पडताच थोडा खाली येतो, बाराच्या आसपास थांबतो आणि मग अगदी सावकाश उतरत जातो. मिनिटा-दोन मिनिटांत तो ११ च्या खाली घसरत असेल तर बॅटरी आतून खचली आहे.

तो तसा घसरला नाही आणि तरीही इन्व्हर्टर कुरकुरतोय? मग टोकं उचला आणि इन्व्हर्टरच्या मागे जिथे जाड तारा आत जातात तिथे टेकवा. माझ्याकडे खुंटावर १२.० होते आणि इन्व्हर्टरवर १०.६. मधले १.४ व्होल्ट वाटेतच गळत होते. आता हे बघा: १२ व्होल्टचे इन्व्हर्टर साधारण १०.५ ला बॅटरी रिकामी समजून हात वर करतात. बॅटरी अर्ध्याहून जास्त भरलेली होती, पण इन्व्हर्टरला ती रिकामी दिसत होती.

गळती नेमकी कुठे हे शोधायला तिसरी जागा आहे. भार चालू ठेवून मीटरचं एक टोक शिशाच्या खुंटावर आणि दुसरं त्याच खुंटावर बसलेल्या लगवर धरा. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, म्हणजे आकडा शून्याच्या जवळ हवा. मग एक टोक लगवर, दुसरं तारेच्या पलीकडच्या शेवटावर. जिथे एका सांध्यावर ०.१ व्होल्टच्या वर आकडा दिसतो, तिथे हात घालायचा. हात घालायचा म्हणजे शब्दशः नव्हे, कारण ती जागा चटका देईल. माझ्या भाराला बॅटरीतून २५ अँपिअर जात होते, १.४ गुणिले २५ म्हणजे ३५ वॅट. एका सोल्डरिंग आयर्नची उष्णता एवढ्याशा लगमध्ये!

हीच जोडणी भार बंद करून ओहमवर मोजली असती तर मीटरनं 'सगळं ठीक' म्हटलं असतं. त्या सांध्याचा रोध ०.०६ ओहमसुद्धा नव्हता आणि साध्या मल्टिमीटरला एवढा बारीक फरक दिसत नाही. जाड तारेतले दोष प्रवाह वाहतानाच तोंड वर काढतात.

टर्मिनलवर चढलेले पांढरे किंवा निळसर-हिरवे क्षार हेही याच जातीचं दुखणं. पांढरा थर शिशाच्या सल्फेटचा, निळसर छटा तांब्याच्या. यंत्र पूर्ण बंद करून, तारा काढून, कोमट पाण्यात खायचा सोडा घालून त्यानं पुसा. झाकणं घट्ट बंद असू द्या. सोडा सेलमध्ये गेला तर आतलं आम्ल मरतं. मग खुंट आणि लग पॉलिश पेपरनं चकचकीत करा, नट आवळा आणि शेवटी वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावून मग लग बसवणारे मी पाहिलेत; तसं करू नका, धातूला धातू भिडला पाहिजे.

पाना उचलण्यापूर्वी

१२ व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरं, पण मोठ्या बॅटरीच्या दोन खुंटांवर पाना आडवा पडला तर हजार अँपिअरच्या घरातला प्रवाह वाहू शकतो. पाना लाल होतो, ठिणगी उडते, आणि चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. हवेत तो चार टक्के झाला की ठिणगीनं पेट घेतो. म्हणून अंगठी, बांगडी, घड्याळ काढून ठेवा, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा, डोळ्यांवर चष्मा असू द्या. काढताना निगेटिव्ह आधी, जोडताना निगेटिव्ह शेवटी. यूपीएसचा प्लग भिंतीतून काढला म्हणजे तो निर्जीव झाला असंही समजू नका. बॅटरी जोडलेली असेपर्यंत त्याच्या सॉकेटवर पूर्ण एसी वीज असू शकते. यंत्राचं झाकण उघडून सर्किटमध्ये बोटं घालायचं काम वायरमनचंही नाही, त्यातल्या जाणकाराचंच.

कुजक्या अंड्यांसारखा वास आला तर मात्र मोजमाप वगैरे सोडा. बॅटरी प्रमाणाबाहेर चार्ज होऊन तापली की विषारी हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. मेन बोर्डवरून चार्जिंग तोडा, खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर व्हा. फुगलेल्या बॅटरीलाही हेच लागू: तिला टोचायचं नाही, दाबून बसवायचं नाही.

पाणी, सेल आणि साचलेलं सल्फेट

पाणी घालायच्या बॅटरीत आणखी एक छान साधन वापरता येतं, हायड्रोमीटर. काचेच्या नळीत आम्ल ओढायचं आणि आतली तरंगी कुठल्या आकड्यावर थांबते ते बघायचं. पूर्ण भरलेल्या सेलमधल्या आम्लाचं विशिष्ट गुरुत्व (ते पाण्याच्या किती पट जड आहे) साधारण १.२६५ च्या आसपास असतं, बनावटीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. बॅटरी रिकामी होत जाते तसं आम्लातलं सल्फेट आतल्या शिशाच्या प्लेटांवर जाऊन बसतं, उरलेलं आम्ल पातळ होतं आणि तरंगी बुडत जाते. आकड्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे सहाही सेलमधला सारखेपणा. पाच सेल १.२५० वर आणि एकटा १.१८० वर असेल, तर निदान झालं. सेलासेलांत ०.०५० पेक्षा जास्त तफावत म्हणजे त्या एका सेलनं साथ सोडली. असा सेल आतून शॉर्ट झाला की निवांत बॅटरी १२.६ ऐवजी १०.५ च्या जवळ दिसते, आणि चार्जर उरलेल्या पाच सेलना विनाकारण उकळत बसतो.

पाणी घालायचं ते डिस्टिल्डच, आणि शक्यतो बॅटरी भरल्यावर. आधी काठोकाठ भरलं तर चार्जिंगमध्ये पातळी चढून आम्ल बाहेर येतं. फक्त प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडतील एवढं पाणी आधीच घाला. वरून आम्ल कधीही घालू नका. उडून जातं ते पाणी, आम्ल आतच असतं.

पाणी नेहमीपेक्षा भराभर कमी होत असेल तर नजर चार्जरकडे वळवा. बॅटरी भरलेली, लाइट चालू, अशा वेळी खुंटांवर १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. चार्जिंगच्या भरात १४.४ पर्यंत जाणं बरोबर आहे, पण दिवसचे दिवस तिथेच अडकून राहिलं तर बॅटरी शिजतेय. उलट लाइट असूनही आकडा १२.५ वरून हलत नसेल तर चार्जिंग होतच नाहीये. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचा एक छोटा स्विच असतो: सपाट प्लेटची, ट्यूब्युलर (नळीदार प्लेटची), सीलबंद. बॅटरी बदलली आणि स्विच तसाच राहिला, तर ती एक तर उपाशी राहते, नाहीतर जास्त खाते. हा स्विच आधी बघा, फुकटातला उपाय आहे.

सल्फेटचं दुखणं मात्र हळूहळू वाढतं. बॅटरी वापरताना प्लेटांवर जमलेलं शिशाचं सल्फेट चार्जिंगमध्ये परत विरघळतं. पण बॅटरी रिकामी करून आठवडेच्या आठवडे तशीच ठेवली, तर त्याचे कडक खडे होतात आणि मग ते विरघळायला तयार नसतात. हेच ते हंड्यातले दगड. लक्षण ठरलेलं आहे: रिकामी बॅटरी तासाभरात 'फुल' होते आणि तितक्याच घाईनं संपते. 'बॅटरीला नवजीवन' देणाऱ्या पुड्या आणि द्रावणं विकली जातात. सल्फेट कोवळं असेल तर सावकाश, लांबलचक चार्जिंगनंच फरक पडतो. खडे झाल्यावर पुड्यांवर माझा भरवसा नाही.

दोन बॅटऱ्यांची २४ व्होल्टची जोडी असेल तर दोन्ही वेगवेगळ्या मोजा. एकत्र २४.३ दिसले की वाटतं, बरं आहे. आत मात्र एक १२.७ वर आणि दुसरी ११.६ वर असते. अशी जोडी चार्ज करताना सशक्त बॅटरी जास्त खाते आणि अशक्त अर्धपोटी राहते. एक जुनी, एक नवी अशी मोट बांधली तर नवीही लवकर म्हातारी होते.

कधी कधी दोष कुठेच नसतो

१२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. ४०० वॅटच्या भाराला साडेचार तास मिळायला हवेत, असा हिशेब करून लोक तक्रार करतात. पण बॅटरीवरचा तो १५० चा आकडा बहुधा वीस तासांच्या हिशेबानं दिलेला असतो, म्हणजे ७.५ अँपिअर दरानं सावकाश उपसली तर. ४०० वॅटला इन्व्हर्टरचं नुकसान धरून चाळीसेक अँपिअर लागतात, आणि शिसं-आम्लाची बॅटरी जितकी घाईनं उपसाल तितकं कमी देते. पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८९७ मध्ये याचं गणितच मांडलं. नव्याकोऱ्या बॅटरीतूनही अशा भाराला पावणेतीन तासांच्या आसपास मिळाले तर तिचं काही चुकलेलं नाही. भार निम्मा केला, की वेळ दुपटीहून जास्त वाढतो.

यूपीएसवरचे व्हीए (व्होल्ट गुणिले अँपिअर) आणि वॅट हे आकडेही असेच फसवतात. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस अनेकदा ३६० वॅटच पेलतो. त्यावर लेझर प्रिंटर लावला तर तापताना तो एका झटक्यात यूपीएसला आडवा करतो. फ्रिज आणि पंपाची मोटर सुरू होताना क्षणभर कित्येक पट प्रवाह ओढते, तिथेही हेच.

इन्व्हर्टरवर पंखा घूंऽऽ करतो, हीही नेहमीची तक्रार. स्वस्त इन्व्हर्टरची वीज गोलाईदार लहरीत न येता चौकोनी ठोक्यांत येते, त्यामुळे मोटर गुणगुणते आणि थोडी जास्त तापते. तो बिघाड नव्हे, बनावटच तशी आहे. अशा विजेचं व्होल्टेज साध्या मीटरवर वेडंवाकडं दिसतं. खरं मोजायला ट्रू-आरएमएस मीटर लागतो.

आणि ती टकटक? सॉकेटमधलं व्होल्टेज वारंवार खाली येत असेल तर यंत्र इमानेइतबारे बॅटरीवर जातं. अनेक इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' अशा दोन चाली असतात. यूपीएस चालीत यंत्र फार सोवळं असतं, जरा व्होल्टेज ढळलं की वीज नाकारतं. कॉम्प्युटर नसेल तर नॉर्मलवर ठेवा, टकटक बरीच थांबते. नाहीतर दिवसभराच्या या लपंडावात बॅटरी अर्धी होऊन बसते आणि खरी लाइट गेल्यावर शिव्या खाते.

छोट्या यूपीएसमधली सीलबंद बॅटरी उष्णतेनं सर्वांत लवकर मरते. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं, असा ठोकताळा आहे. टेबलाखाली, भिंतीला चिकटून, पंख्याच्या जाळीवर धुळीचा थर घेऊन बसलेल्या यूपीएसची कल्पना करा. त्याची परीक्षा चालू कॉम्प्युटरवर घेऊ नका. एखादा दिवा लावा, प्लग काढा आणि मिनिटं मोजा. अगदी नवा यूपीएस बॅकअपच देत नसेल तर खालचं झाकण सरकवून बघा, वाहतुकीसाठी बॅटरीची एक तार अनेकदा मुद्दाम सुटी ठेवलेली असते.

लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीला यातलं बरंच लागू नाही. तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं, म्हणून त्यावरून किती उरली हे ओळखता येत नाही. मीटरवर शून्य दिसलं तर ती मेली असं समजू नका. आतल्या संरक्षक सर्किटनं दार बंद केलेलं असू शकतं आणि योग्य चार्जर जोडला की ते उघडतं. शून्य अंशाखाली मात्र तिला चार्ज करू नये.

एवढं सगळं तपासून बॅटरीच दोषी ठरली, भाराखाली कोसळतेय, सेल बिघडलाय, किंवा मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्याही बरीच खाली आलीय, तर बदला. नवीवर मार्करनं तारीख लिहा आणि पहिल्याच आठवड्यात ठरावीक भारावर किती मिनिटं चालली, खुंटावर किती व्होल्ट होते, हे शेजारी कागदावर लिहून चिकटवा. पुढची तक्रार आली की तुलना करायला काहीतरी हाताशी असतं. जुनी बॅटरी भंगारात किंवा कचऱ्यात टाकू नका. आत शिसं आणि आम्ल आहे, ती विक्रेत्यामार्फत पुनर्वापराकडेच जायला हवी. माझी तर मी त्याच दिवशी परत दिली होती. त्यामुळे ती खरंच गेली होती, की बिचारी लगच्या पापाची धनी झाली, हे आता कळायला मार्ग नाही.